पार्टिशनचं काम

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. वास्तविक त्या माणसाने जन्मात कधी थापी हातात धरली नव्हती. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा, आणि त्यातही त्याचा हात बसला होता तो डिस्कच्या वाटण्या करण्यात. एकाच कॉम्प्युटरवर दोन वेगवेगळ्या सिस्टिम नांदवायच्या तर डिस्कचे दोन हिस्से पाडून मधे भिंत घालावी लागते. त्या भिंतीला धंद्यात पार्टिशन म्हणतात. गिऱ्हाइकाला हे समजावताना तो म्हणायचा, "एक घर, दोन जावा. चुली वेगळ्या केल्या की भांडण नाही." भिंती घालतो आणि भिंती पाडतो, म्हणून मिस्त्री. नाव पडलं ते पडलंच.

कामाची त्याची एक पद्धत होती. डिस्कला हात लावण्याआधी मोठ्याने विचारायचं आणि गिऱ्हाइकाच्या तोंडचं 'हो' कानावर आल्याशिवाय बोट हलवायचं नाही. पूर्वी एकदा एकाच्या घरचे सगळे फोटो त्याच्या हातून पुसले गेले होते. तेव्हा तो गृहस्थ रडला नाही की ओरडला नाही, फक्त म्हणाला, "मला विचारायचं तरी होतंत." ते वाक्य मिस्त्रीच्या जिव्हारी लागलं. विचारताना मात्र तो पडद्यावरची नजर काढत नसे. डोळा हलला की बोट चुकतं, असं त्याचं म्हणणं.

त्या दिवशी सकाळी फोन आला. बाईचा आवाज होता, वयस्कर, जरा तुटक.

"मिस्त्री का? पार्टिशनची कामं करता ना तुम्ही?"

"करतो की."

"आमचं सरकतंय."

"भरलं असेल बाई. पार्टिशन आपोआप सरकत नसतं."

"सरकतंय म्हणते ना. रोज थोडं थोडं. मला आता हलायला जागा उरली नाही."

गिऱ्हाइकं आपलं दुखणं कुठल्या शब्दांत सांगतील याचा नेम नसतो. एकाने तर कॉम्प्युटर 'रुसलाय' म्हणून आणून दिला होता. मिस्त्रीने पत्ता लिहून घेतला आणि दुपारी येतो म्हणून सांगितलं.

इमारत चार मजली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बोळात दोन दारं शेजारी शेजारी. एकाला कुलूप होतं, कुलपावर धूळ. दुसरं त्याने वाजवायच्या आधीच उघडलं. दारातल्या बाई पन्नाशी उलटलेल्या होत्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला आणि अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. आत ऊन भरपूर येत होतं. खोली लांबच लांब पण अरुंद होती. डाव्या हाताला जमिनीपासून छतापर्यंत रंगवलेलं प्लायवूड, आणि उजव्या भिंतीपासून कपाट, पलंग आणि खुर्ची एकाला एक लागून अशी काही दाटीवाटीने लावलेली, की खुर्ची आणि प्लायवूड यांच्यामधून आडवं होऊनच जावं लागत होतं.

"चालू करता का जरा?" मिस्त्री कॉम्प्युटरकडे बोट दाखवत म्हणाला.

"तो कशाला?"

"बघायला नको का पार्टिशन?"

"अहो, पार्टिशन हे." बाईंनी बोटांची पेरं प्लायवूडवर वाजवली आणि चटका बसल्यागत हात मागे घेतला.

मिस्त्रीला हसू आवरेना. "बाई, तुम्हाला सुतार हवा होता. मी कॉम्प्युटरवाला."

बाई हसल्या नाहीत. "सुतार येऊन गेला. म्हणाला, खिळे जागच्या जागी आहेत, खालची पट्टी जागच्या जागी आहे, तुम्हाला भास होतोय. तुम्हीही तेच म्हणणार असाल तर पाणी प्या आणि निघा."

तो खरंच निघाला असता. पण त्याची नजर टेबलावर गेली आणि तो थबकला. खोलीच्या टोकाला, खिडकीखाली, एक जुनं रुंद टेबल होतं. प्लायवूड टेबलापर्यंत येऊन तेवढ्या भागात खालून कापलं होतं, म्हणजे अर्धं टेबल अलीकडे आणि अर्धं पलीकडे. कापलेल्या खाचेतून मॉनिटर या बाजूला फिरवलेला. पलीकडून खाचेवर एक निळा कापडी पडदा सोडला होता.

"हे काय प्रकरण आहे?" त्याने विचारलं.

बाईंनी सांगितलं ते असं. दोघी बहिणी. आई गेल्यावर काहीतरी बिनसलं आणि बोलणं बंद झालं. घराची वाटणी झाली, खोलीत पार्टिशन आलं. टेबल आणि त्यावरचा कॉम्प्युटर आईने घेतलेला, तो मात्र दोघींपैकी कुणी सोडेना. ताई कपाळाला बाम चोळून नकाशे काढायची, तिला तिची सिस्टिम हवी. धाकटी वर्तमानपत्रांसाठी शब्दकोडी रचायची, तिला तिची. मग ताईनेच डिस्कचे दोन हिस्से केले, अगदी मध्यावर, सुताइतका फरक नाही. सकाळी मॉनिटर इकडे, दुपारनंतर तिकडे. पाच वर्षं दोघी एका टेबलावर बसल्या आणि एकमेकींचं तोंड पाहिलं नाही.

"आणि आता?"

"ताई गेली. अकरा महिने झाले." बाईंनी हनुवटीने प्लायवूडकडे खूण केली. "तिकडेच."

मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तो डबाही जागा संपली म्हणतो आता. कोड्यांना जागा ती किती लागणार? तीन हजार आहेत, अकरा वर्षांची. त्यांचं पुस्तक निघायचंय. तेवढंच माझं म्हणून काही आहे या घरात, दुसरं नाही."

हे मात्र त्याचं काम होतं. तो खुर्ची ओढून बसला. बाई मागे पलंगावर टेकल्या. कॉम्प्युटर चालू करताच पडद्यावर दोन ओळी आल्या, ताईची सिस्टिम वर आणि धाकटीची खाली. दहा सेकंदांत काही निवडलं नाही तर तो आपला ताईच्या घरात शिरणार, अशी सोय. मिस्त्रीने दोन्ही टाळल्या, आपली दुरुस्तीची चकती लावली आणि डिस्क बाहेरून उघडली. एक लांब पट्टी दिसू लागली, डावीकडे निळी, उजवीकडे पिवळी.

"ताईंनी मध्यावर केलं होतं ना?"

"मध्यावरच. पाचशे जीबी तिचे, पाचशे माझे. मला लिहून दिलं होतं."

पट्टीवर निळे साडेपाचशे होते आणि पिवळे साडेचारशे.

शेतात शेजारी बांध कोरतात तो प्रकार. पण शेतात कुदळ मारायला माणूस लागतो, आणि डिस्कवरही लागतो. त्याने विचारलं, "कुणी हात लावला होता का याला?" बाई म्हणाल्या, पलीकडची किल्ली त्यांच्याचकडे आहे आणि ताईला नेल्यापासून त्यांनी ते दार उघडलेलं नाही. खिळ्याला मोजपट्टी लटकत होती. मिस्त्रीने उगाच, हाताला चाळा म्हणून, ती घेतली आणि उजव्या भिंतीपासून प्लायवूडपर्यंत लावली. नऊ फूट भरले.

"पूर्ण खोली किती?"

"वीस."

त्याने मनात हिशेब केला. विसातले नऊ, हजारातले साडेचारशे. मग खिशातल्या कागदावर करून पाहिला. तेच आलं. त्याने कागदाची घडी घातली आणि बाईंच्या नजरेआड खिशात सारली. खोलीत कसलासा वास येत होता, डोकेदुखीच्या बामाचा.

आपण आपलं काम करावं आणि निघावं, असं त्याने ठरवलं. भिंत पुन्हा मध्यावर आणायची, बस्स. असल्या कामात बदल आधी नुसते मांडून ठेवतात. शेवटी एकदा 'लागू करा'वर बोट पडलं की मगच डिस्क हलते, तोवर सगळं कागदावर. त्याने निळा हिस्सा आक्रसला, पिवळा वाढवला, आकडे दोनदा तपासले. मागे स्वयंपाकघरात कुठे तरी भांडं वाजलं. त्याचं लक्ष पडद्यावर होतं.

"बाई, कोड्यांची दुसरी प्रत आहे ना कुठे ठेवलेली?"

"हो."

"मग लावू?"

जरा वेळ गेला. "हो."

त्याने कळ दाबली.

दुसऱ्या मिनिटाला बाई स्वयंपाकघराच्या दारातून आल्या, दोन्ही हातांत चहाचे कप. "साखर कमीच घातलीय," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीने मान वळवली. पलंग रिकामा होता. चादरीवर त्या बसल्याची सुरकुतीही राहिली नव्हती. "तुम्ही... आत कधी गेलात?"

"झाला की बराच वेळ. तुम्ही मोजपट्टी ठेवलीत तेव्हाच. का?"

"मी विचारलं ते... तुम्ही हो म्हणालात."

"काय विचारलंत?"

त्याने सांगितलं. बाईंनी दोन्ही कप टेबलावर ठेवले, अगदी जपून, बशीचाही आवाज होऊ न देता. मग म्हणाल्या, "दुसरी प्रत नाही माझ्याकडे. कुठेच नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने विचारून चूक केली होती. आणि पडद्याकडे वळून पाहतो तर पट्टी उलटी सरकत होती. त्याने निळं आक्रसायला सांगितलं होतं. निळं पिवळ्यावर चढत होतं. खाली लिहून येत होतं, चाळीस मिनिटं बाकी.

"थांबवा ना मग," बाई म्हणाल्या.

"नाही थांबवता येत. अर्धा माल वाटेत असतो. आता वीज तोडली तर ना इकडचं राहील, ना तिकडचं. तुमची कोडी जातील, सगळी."

"आणि नाही तोडली तर?"

बाहेर भर दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा कुणी त्याला 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत होता. प्लायवूडच्या आत खिळा कुरकुरला. बारीक आवाज. मग थोड्या वेळाने दुसरा, वरच्या बाजूला. मिस्त्री बसला तेव्हा त्याच्या डाव्या कोपराला मोकळी जागा होती. आता कोपर लाकडाला टेकलं. त्याने खुर्ची उजवीकडे ओढली. बामाचा वास इतका दाट झाला होता की डोळे चुरचुरत होते.

"कप बघा," बाई पुटपुटल्या.

प्लायवूडची कापलेली कड टेबलावरून येऊन कपाला लागली होती. कप बशीसकट एक बोटभर सरकला. थांबला. पुन्हा सरकला. चहावर बारीक तरंग उठला.

"वीतभर मी खाल्ली होती तिची," बाई एकदम म्हणाल्या. त्या प्लायवूडशी बोलत होत्या की त्याच्याशी, कळत नव्हतं. "ताई बाहेर गेली होती तेव्हा सुताराला सांगितलं, एक वीत तिकडे सरकवून ठोक. ती नकाशे काढणारी बाई, तिला एका नजरेत कळलं असणार. पण बोलली नाही. माझ्या मनाला ते डाचत राहिलं. ती गेल्यावर पहिल्या महिन्यात तिची वीत तिने घेतली. मला बरं वाटलं, खरं सांगते. म्हटलं, फिटलं. पण ती थांबेना."

"मग त्यांना हवंय काय?"

पडद्यावर तीस मिनिटं बाकी होती.

"अशीच दुपार होती. मी इथं बसून कोडं लावत होते. तिने हाक मारली. चिमे म्हणायची मला... पाच वर्षांत पहिल्यांदा मारली. मी ऐकली. मनात म्हटलं, आता आली का वळणावर, मारू दे अजून एकदा. तिने मारली. तीनदा मारली, मिस्त्री. तिसरी अगदी बारीक होती." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मी रेडिओ मोठा केला. संध्याकाळी मॉनिटर तसाच इकडे तोंड करून राहिला, तेव्हा मला समजलं."

मिस्त्रीला त्यांची कीव आली आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदमच. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडे खाटेचा करकर आवाज झाला. कूस वळल्याचा. मग कुणीतरी जमिनीवर पाय टेकले. निळा पडदा आतून जरासा फुगला आणि पुन्हा सपाट झाला.

"चि..."

एवढंच. श्वास पुरा न पडल्यासारखं.

मिस्त्रीची बोटं टेबलाच्या कडेवर गोठली होती. हलल्या त्या बाईच. त्या वाकल्या, टेबलाखाली हात घातला आणि वायर भिंतीतून उपटली. अकरा वर्षांची कोडी, पुस्तक, सगळं एका झटक्यात गेल्यात जमा झालं. मॉनिटरचा पडदा काळा झाला. पंख्याची घरघर विरत गेली. प्लायवूड उभं होतं तिथंच उभं राहिलं. वासही हळूहळू गेला.

"तो डबा घेऊन जा इथून," बाई म्हणाल्या. "नको मला तो घरात."

मिस्त्रीने डबा उचलला. चहा तसाच राहिला. दारात त्याने सांगितलं, की काही वाचवता आलं तर पाहतो. त्याला स्वतःलाच त्याचा भरवसा नव्हता, पण चूक त्याच्या बोटाची होती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर त्याने पहिलं काम तेच घेतलं. रस्त्यावर वर्दळ होती, शेजारचा घड्याळजी खाकरत होता, आणि डिस्क एखाद्या शहाण्या मुलीसारखी उघडली. पिवळा हिस्सा शाबूत. तीन हजार कोडी, एकाखाली एक. मिस्त्रीने मोठा सुस्कारा सोडला. मग निळा हिस्सा उघडला. तो रिकामा होता. एक नकाशा नाही, एक अक्षर नाही. वीज तुटली म्हणून माल असा जात नाही, तुकडे राहतात. इथं झाडून नेल्यासारखं स्वच्छ होतं.

त्याने फोन लावला.

"बाई, कोडी मिळाली. सगळीच्या सगळी."

"मिळाली का? बरं झालं हो." आवाज कालच्यापेक्षा मोकळा होता, झोप झालेल्या माणसाचा.

"पण ताईंचा हिस्सा रिकामा आहे. काहीच नाही त्यात."

"असेल."

त्याने एक कोडं उघडलं. "तुम्ही कोडी सोडवून ठेवता का?"

"छे. रिकामीच ठेवते. उत्तरं वेगळ्या वहीत असतात."

"इथं सगळी भरलेली आहेत. पहिल्यापासून."

"ताईच असणार," बाई सहज म्हणाल्या. "लहानपणी मी लावायची आणि ती सोडवायची. एक चूक सापडायची नाही तिची."

मिस्त्री खाली खाली जात राहिला. शेवटचं कोडं आलं. "एक भरलेलं नाही. तीन हजार एकावं."

"तीन हजारच आहेत, मिस्त्री."

"नाही, एक जास्त आहे. सगळे चौकोन काळे आहेत. मधोमध एकच पांढरा."

"मग ते माझं नाही. एका अक्षराचा शब्द कोड्यात घालत नाहीत. दोन तरी लागतात." मग किंचित थांबून, "खाली काय लिहिलंय?"

त्याने वाचलं. वाचता वाचताच त्याला ते कळलं, पण तोवर शब्द तोंडातून गेले होते. "हाकेला देतात. एक अक्षर."

मग फोनमध्ये खूप आतून, कशाचाही आडोसा नसलेल्या मोठ्या खोलीतून यावा तसा आवाज आला. बारीक, थकलेला.

"चिमे..."

"बाई," मिस्त्री उठून उभा राहिला. "बाई, बोलू नका. माझं ऐका, गप्प राहा आणि बाहेर या. लगेच..."

"ओ," बाई म्हणाल्या.

त्याच्याशी नव्हे. फोन तोंडापासून दूर धरून, मऊ आवाजात. फोन टेबलावर ठेवल्याचा ठक्क आवाज झाला आणि त्यांची पावलं वाजू लागली. मिस्त्री कान लावून उभा होता. वीस फुटांची खोली आठ पावलांत संपते. त्याने आठ मोजली, मग सोळा, मग चाळीस. मध्येच पावलांत आणखी पावलं मिसळली, तेव्हा त्याने मोजणं सोडलं. घड्याळजी दुकानात डोकावून काहीतरी म्हणाला, पण त्याला ते ऐकू आलं नाही. पावलं अजून चालत होती आणि त्यांचा आवाज जराही लहान झाला नव्हता.